खुर्चीचा पूर्वपक्ष

३ जून
पोहोचलो एकदाचा. खोली झकास आहे: ऐसपैस टेबल, मोठी खिडकी, भिंतभर लॅटिन ग्रंथ. मध्ययुगीन कॅथलिक तत्त्वज्ञानात मी आयुष्य घातलं तेव्हा मेहुणा विचारायचा, भावजी, मेलेल्या पाद्र्यांच्या भांडणांवर पोट भरतं का? आजपासून भरेल. माझे गुरू, थोरले सर, हिवाळ्यात वारले तेव्हा कुठे कॉलेजातली ही प्राध्यापकाची खुर्ची रिकामी झाली. माझे निबंध ते स्वतःच्या नावाने छापत आणि प्रस्तावनेत मला 'मदतनीस' म्हणत. असो. चणे मिळाले, आता दात सांभाळायचे. बायको घर आवरून मागाहून येईल.

८ जून
प्राचार्यांनी इथली रीत समजावली. नव्या प्राध्यापकाने भर सभेत वाद करायचा. विरुद्ध बाजू, म्हणजे पूर्वपक्ष, विद्यार्थी देणार. तो आधी विरोधकालाही जमणार नाही इतका भक्कम मांडायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या की मगच खोडायचा. यंदाचा पूर्वपक्ष: खुर्चीवर अजून थोरले सरच बसलेत, नवा कोणी आलेलाच नाही. पोरांचा चावटपणा. मला हसू आलं.

१० जून
असा रंगलो की विचारू नका. वर्षानुवर्षं साचलेलं सगळं बाहेर पडलं. नव्या माणसाचं एक तरी पुस्तक दाखवा, म्हणालो. विचार सरांचे, अक्षर सरांसारखं, खोकलासुद्धा त्यांचाच. ज्याचं स्वतःचं काहीच नाही, तो आला कशावरून? सगळ्या माना डोलल्या. प्राचार्यांचे डोळे भरून आले. खोडायला तोंड उघडलं, तोच घंटा झाली. उत्तर उद्या, म्हणाले.

११ जून
शिपायाने बिनसाखरेचा चहा आणला. मधुमेह सरांना होता, मला नाही. तसं सांगितलं तर म्हणाला, सर, पथ्य मोडू नका. सभागृहाला कुलूप. प्राचार्य म्हणाले, आता उत्तर कशाला, सगळ्यांना पटलंय.

१५ जून
दारावर अजून सरांचीच पाटी. बदला म्हटलं — सगळे प्रेमाने हसले. ओरडलो — आवाज सरांचा. भीती वाटते आहे. खरंच वाटते आहे.

१९ जून
बायको आली. धावत गेलो — तिने अदबीने हात जोडले. विचारलं, सर, आमचे हे कुठे भेटतील? अगं, मीच, म्हणालो — ती रडायला लागली. म्हणाली, तुमच्यावर फार जळायचे ते, पण बोलायचे अगदी तुमच्यासारखं. मिळेल त्या गाडीने परत गेली.

२० जून
सभागृह उघडं मिळालं. समोर कोणी नाही. नसू दे. खोडायलाच हवं — धोंडा मीच पाडून घेतला पायावर — इतकं भक्कम कशाला मांडायचं —
याला माझं उत्तर असं, की मी