बाबांचा जड नांगर

बाबा,

तुमच्या हाताला ओठ टेकवून लिहितो. आम्ही खुशाल आहोत, समुद्रतळाचा स्पंज भरपूर मिळतोय. आईचा खोकला कसा आहे?

पुढचं तिला वाचून दाखवू नका.

काल भर दुपारी वारा फिरला. नावेचा नांगर टाकण्याआधी काचेच्या बुडाच्या बादलीतून तळ बघायचा, वाळूचा पांढरा तुकडा शोधायचा, हे तुम्ही शंभरदा सांगितलंत. मी आळस केला. नवा हलका नांगर तळाच्या दाट गवतावर पडला, गवत खरवडत सरकला आणि नाव खडकांकडे निघाली. वर ओढला, तर त्याला गवताचा हा भारा!

"नव्या नवरीसारखा मिरवलास ना तो?" थेओफिलिसकाका ओरडला. "आता बापाचा टाक, गाढवा!"

जो मी भंगारात काढणार होतो, तोच तुमचा जड नांगर टाकला. तुम्ही शिकवलंत तसा दोरावर तळहात ठेवला. आधी थरथर, मग एक हिसका, मग काहीच नाही. गवत फोडून तो खाली रुतला होता. खडक दोन वल्ह्यांच्या अंतरावर राहिले होते.

तेव्हापासून नाव तसूभर हललेली नाही. पण आईनं विचारलंच, याचं अक्षर असं वाकडं का, तर सांगा, नाव फार हलत होती.

तुमचा,
साकेलारिस