करंगळीएवढी वाट

ता. ९ जून, सकाळ

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

आई सुखरूप आहे. काल वाटीभर सूप प्यायली आणि नर्सला नावं ठेवली, म्हणजे बरीच बरी आहे.

सतरा दिवसांपूर्वी तिची मांडी आतून दुखायला लागली, तेव्हा तू हाडांचा डॉक्टर म्हणून फोनवरूनच गुडघ्याची झीज ठरवलीस आणि मलम सांगितलंस. आठ दिवसांनी उलट्या सुरू झाल्या. मी तिचा पाय सरळ करून बाजूला नेला, तशी मांडीतून गुडघ्यापर्यंत कळ गेली. दुमडला की कमी.

ती वाट मी बावीस वर्षं शवविच्छेदनाच्या टेबलावर मेडिकलच्या मुलांना दाखवते आहे. ओटीपोटाच्या हाडाला मोठं भोक असतं, त्यावर पडदा. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात करंगळी जेमतेम शिरेल एवढी फट, तिच्यातून एक नस मांडीत उतरते. फटीत चरबी असते, म्हणून आतडं तिकडे फिरकत नाही. बाबा गेल्यापासून आई वाळून काडी झाली. चरबी गेली, आतडं घुसलं, नस दाबली. गुडघा बिचारा फुकट बदनाम झाला.

सर्जन म्हणाला, असं फार क्वचित असतं. मी म्हटलं, "स्कॅन करा. नसलं तर उद्यापासून शिकवणं बंद." होतं. त्याच दुपारी ऑपरेशन झालं.

आता स्वतःला दोष देत बसू नकोस. मला पहिल्याच दिवशी शंका आली होती. आई पाय दुमडून झोपायची, गुडघ्याखाली उशी मागायची. पण मागे तू सगळ्यांसमोर म्हणाला होतास, "तू मेलेल्यांवर शिकव, जिवंतांचं आम्ही बघतो." ते परत ऐकायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, मनात आलं, चुकू दे याला एकदा. म्हणून गप्प बसले. त्या आठ दिवसांत आईचं वीतभर आतडं सडलं, ते कापून काढावं लागलं.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिने आधी वाटीतलं सूप संपवलं. मग म्हणाली, "दोघंही सारखीच हट्टी. बोलाव त्याला."

बुधवारी टाके काढतील. ये. तिचा पाय स्वतःच्या हाताने सरळ करून बघ. आता दुखत नाही.

आठ दिवस कळूनही गप्प बसलेली,
तुझी धाकटी