एकाच पेल्यातून

३१ जानेवारी १९५३, शनिवार
मनुका उकळल्या. आमच्या ख्रिस्ती मंडळीत दारू वर्ज्य, म्हणून उद्याच्या प्रभुभोजनाला मनुकांचाच रस, आणि तो पाळकाच्या बायकोनेच करायचा. सकाळभर दवाखान्यात देवीच्या लसी टोचल्या. एका पोराचा हात धरायला सगळं घर. पाय सुजलेत. चुलीपुढे बसल्या बसल्या डुलकी लागली आणि रस तळाला लागला. गाळून घेतला. कोणाला कळणार नाही.

१ फेब्रुवारी, रविवार
यांचा उपदेश देहावर. देह हे देवाचं राहतं घर, ते स्वच्छ ठेवा, विडी-तंबाखू सोडा. चांगले बोलले. मग रसाचा एकच पेला सगळ्यांत फिरला. मंडळीतले म्हातारे याकोबमामा सगळ्यांच्या शेवटी आले, खोकत. हल्ली मुद्दाम शेवटी येतात, आपल्यामागून कोणी पिऊ नये म्हणून. पण त्यांच्यामागून हे पितातच. उरलेलं टाकायचं नाही, पाळकाने संपवायचं, अशी रीत. यांनी संपवलं, पांढऱ्या फडक्याने पेला पुसला. घरी येऊन आमच्या धाकट्या नलूला आपल्या ताटातला भात भरवला. मला जेवण गेलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
मामांना बळेच दवाखान्यात नेलं. डॉ.नी छातीला नळी लावली, माझ्याकडे पाहिलं. थुंकी तपासायला पाठवली, पण ती नुसती नोंदीपुरती. क्षयच. उद्यापासून सुया, त्या मीच देणार. मामा सदरा घालत म्हणाले, "सगला जन्म मिठागरावर ग्येला, बाई. छातीत मीठ बसलं आसंल." मी हसले. हसायला नको होतं.

१० फेब्रुवारी
यांच्याशी बोलले.
"विडीने देवाचं घर घाण होतं आणि क्षयाने होत नाही?"
"प्रभूच्या पेल्यातून रोग होत नाही."
"तो रस मी उकळते. त्यात काय असतं आणि काय नसतं, मला माहीत आहे."
हे चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, मामांना लहानपणी बाजारात कोणी भांड्याला शिवू देत नसे. तहान लागली की ओंजळ धरायची, वरून कोणी ओतलं तर प्यायचं. "चारचौघांबरोबर एका भांड्यातून ते पहिल्यांदा प्याले ते आपल्या देवळात. तो पेला मी काढून घेऊ त्यांच्याकडून?"
खरं होतं ते. पण नलूचं काय, यांचं काय. मला भीती वाटते, आणि भ्यायचाही कंटाळा आलाय.

२८ फेब्रुवारी, शनिवार
आज फार वाईट झालं.
बाजारातून काचेचा नवा पेला घेतला आणि दवाखाना सुटल्यावर खाडीकडे, मामांच्या घरी गेले. नीट समजावून सांगितलं. म्हटलं, उद्या तुमचा रस या पेल्यात, मी स्वतः भरीन, तुम्ही बरे होईपर्यंतच. वाटेत वाक्यं जुळवून ठेवली होती.
मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग खाटेवरच जरा पुढे वाकले, दोन्ही हातांची ओंजळ केली. "नवा पेला कशाला इटालता, बाई? वरून वता. सवय हाय आमाला."
राग नव्हता. थट्टाही नव्हती. माझी सोय बघत होते.
मी नर्स म्हणून गेले होते. त्यांच्या दारात मी कोण ठरले? इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. काय बोलले आठवत नाही. आल्यावर मनुका उकळायच्या होत्याच.

१ मार्च, रविवार
मामा आले नाहीत. हे पेला हातात घेऊन दाराकडे बघत थांबले. लोक चुळबुळायला लागले तेव्हा प्रार्थना घेतली. नंतर भाकर आणि पेला घेऊन उन्हातून मामांकडे गेले. तिथेही मागून प्यालेच असणार.
परत आल्यावर विचारलं, "तू काही बोललीस त्यांना?"
"हो."
दिवसभर घरात नलूचाच काय तो आवाज.

१२ मार्च
हे खोकतात. सर्दी असेल. हवाही दमट आहे. मी भांडी घासताना कान तिकडे. जेवताना नलूने सवयीने यांच्या ताटाकडे हात नेला, तर यांनीच ताट बाजूला सरकवलं. नलू रडायला लागली. हे खाली मान घालून जेवत राहिले.
मामा सुईला मात्र नेमाने येतात. दंड पुढे करतात, नलूची चौकशी करतात. मी मान वर करत नाही.

२१ मार्च, शनिवार
आज बोललेच. "मामांना वेगळा पेला नको. सगळ्यांनाच वेगळा द्या. तुम्हालासुद्धा."
यांनी विचारलं, "मंडळीला काय सांगू?"
"देहावरचा तोच उपदेश पुन्हा करा. या वेळी पुरता करा."
यांना हसू आलं, त्या पाठोपाठ खोकला.

४ एप्रिल, शनिवार
डॉ.नी औषध द्यायचे छोटे पेले उसने दिले. सगळे एकाच मापाचे. सोड्याने धुतले, उकळले, फडक्यावर पालथे घातले. मनुका उकळल्या. कंबर धरलीय. हे स्वतः मामांकडे जाऊन आले. "येतो म्हणाले," एवढंच सांगितलं.

५ एप्रिल, ईस्टर
उपदेश पुरता केला. मधे दोनदा खोकल्यासाठी थांबावं लागलं, त्यामुळे लोकांना जरा जास्तच पटला. मागच्या बाकावर एकजण पुटपुटला, हे देऊळ आहे की दवाखाना. त्याच्याही हातात पेला गेला.
मामा धुतलेला सदरा घालून आले. आता गरज नव्हती तरी शेवटीच उभे राहिले. प्याले, पेला इतरांच्यात ठेवला. यांना संपवायला काही उरलं नाही. हे मेजाशी रिकाम्या हातांनी उभे होते.
बाहेर चपला घालताना मामा जवळ आले. "बरं क्येलंत, बाई. कुनाला काय व्हनार नाय आता." मग थोडं थांबून, "पन आज सगली एकेकटीच प्याली."
मी त्यांचा हात धरला.
घरी येऊन पेले उकळत ठेवले. मामांचा कुठला, यांचा कुठला, ओळखता येईना. बुधवारी यांना मुंबईला न्यायचं आहे, छातीचा फोटो काढायला.