शेजारणीची खुर्ची

४ फेब्रुवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र आणि फोटो पोचला. दोन्ही हातांत वजनं घेऊन उभी, तीही चौऱ्याहत्तराव्या वर्षी! पाहून आनंद झाला असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? अंगाची लाही लाही झाली. एकत्र होतो तेव्हा बादल्या कोणी उचलल्या? गाद्या गच्चीवर कोणी नेल्या? घरात आलीस तेव्हापासून नाजूक म्हणून तू पडून, आणि जाऊ असून मी तुला अंथरुणात चहा द्यायचे. जन्मभर राबले मी आणि दंड कमावलेस तू! हा कुठला न्याय गं?

मी ठणठणीत आहे. फक्त शेजारीण विचारत होती, खुर्चीतून हात न टेकता उठता येत नसेल तर तुमच्या त्या व्यायामाच्या वर्गात काय करायला लावतात? बिचारी ऐंशीला टेकलीय, एकटी असते. मागे न्हाणीघरात पडली, तासभर उठता येईना. मुलाने बजावलंय की मे महिन्यात येईन, तोवर खुर्चीतून आपल्या आपण पाच वेळा उठता आलं नाही तर घराला कुलूप आणि तिची रवानगी वृद्धाश्रमात.

कळावे. माया आहे तेवढी असू दे, वाढवायची तुला सवय नाही.

तुझी,
थोरली

१२ फेब्रुवारी

ती. जाऊबाईंना,
सा. न. वि. वि.

तुमचा जळफळाट पोचला. बरं वाटलं.

आता शेजारणीचं. आमच्या व्यायामाच्या बाई म्हणतात, हे औषधासारखं घ्यायचं. नेमलेले दिवस, नेमलेलं माप, आणि माप हळूहळू वाढवत न्यायचं. आधी डॉक्टरांना विचारायला सांगा. खुर्ची भिंतीला लावा, वर दोन उश्या ठेवा. पाय मागे घ्यायचे, पुढे वाकायचं, नाक पायाच्या बोटांवर आलं की उठायचं. बसताना सावकाश, धपकन नाही. आठ वेळा, आठवड्यातून तीन दिवस. जमलं की एक उशी काढायची. आणि नुसत्या चहावर दिवस काढू नये म्हणावं, अंडी-दूध पोटात गेलं पाहिजे.

शेजारणीचे गुडघे तुमच्यासारखेच असतील असं धरून लिहिलंय.

लोभ आहेच, राग आला तर तोही चालेल.

आपली,
धाकटी

२० मार्च

चि. सौ. धाकटीस,
अ. आ. वि. वि.

शेजारणीने एक उशी काढली. तुझा फोटो ती मागून घेऊन गेलीय, समोरच्या कपाटाला लावलाय. म्हणते, ते हसरं तोंड पाहिलं की संतापाने आपोआप उठलं जातं.

दुसरी उशी मात्र निघत नाही. उशी काढली की मांड्या लटपटतात. मुलगा बारा मेला येणार. त्याने त्या आश्रमाचा फॉर्म आणून ठेवलाय. एका खोलीत चार खाटा, आणि स्वतःचा ओटा नाही. ती दिवसभर आपला ओटाच पुसत बसते.

फोटोमागे लिहिलंयस, तुला म्हणे बारा वेळा उठायला जमतं. मिरवू नकोस.

कळावे.

थोरली

२९ मार्च

ती. जाऊबाईंना,
सा. न. वि. वि.

मी पडून असायचे, खरं आहे. पण पडल्या पडल्या सगळं ऐकू यायचं. तुमच्या बादल्या, आणि थोरली म्हणजे घराचा खांब हे सासूबाईंचं दिवसातून दहा वेळा. मी किती जळायचे म्हणून सांगू! माझं मूल पोटातच गेलं त्या दिवशी तुम्ही मला उचलून तीन जिने उतरवलंत. मी तुमच्या दंडाला धरून होते, आणि तशातही मनात आलं की हे दंड देवाने मला का दिले नाहीत. बहात्तराव्या वर्षी वर्गात नाव घातलं ते तुमच्यावर जळूनच.

तेव्हा खुशाल जळा. शेजारणीला सांगा, उशी काढून टाक, सुरुवातीला खुर्चीच्या हाताला दोन बोटं लाव, मग एक, मग काही नाही. तिचं कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आपली,
धाकटी

१३ मे

प्रिय धाकटे,
अनेक आशीर्वाद.

काल मुलगा आला, सोबत डॉक्टरीणबाई. त्यांनी साधी लाकडी खुर्ची मांडली. चार वेळा उठणं झालं. पाचव्यांदा मध्येच अडकलं. मुलगा हात द्यायला पुढे आला, तर मी त्याच्यावर अशी खेकसले की तो दोन पावलं मागे सरला. फोटो आतल्या खोलीत होता. पण तुझं ते तोंड आठवलं आणि उठले बाई!

शेजारीण वगैरे कोणी नाही. पहिल्या पत्रातच तू ओळखलंस, हे मीही ओळखलं होतं. लाज वाटत होती गं. आणि लाज तुझ्याचपुढे जास्त.

घर राहिलं. मुलाने फॉर्म फाडला नाही, घडी करून खिशात घातला. पुढच्या वर्षी पुन्हा बघू म्हणाला. बघ म्हटलं.

आता तू ये. ते तीन जिने स्वतःच्या पायांनी चढ, आणि पिशवीही तूच उचल. मी वर दारात उभी राहून बघणार आहे आणि पोटभर जळणार आहे.

बाराचे तेरा नंतर कर, आधी लोभ वाढव.

तुझी,
शेजारीण