पोथीचा जामीन

गोजाम, ५ तिर

चि. वोर्कनेह यास येशिमबेतचे अ. आ.

बाबांना ताप नाही, जेवतातही. पण चर्चच्या उंबऱ्याबाहेरच उभे राहतात. आपली सहाशे वर्षांची कातड्याच्या पानांची पोथी तू शिवायला म्हणून तुमच्या ग्रंथालयात नेलीस, तेव्हा गावापुढे जामीन बाबाच राहिले होते. या तिर महिन्याच्या २१ तारखेला मरियमचा सण. गाव रांगेने पोथीला ओठ लावतं, हे तुला मी सांगायचं? पुजारी अब्बा गेतेनेत म्हणाले, पोथी आली नाही तर जामिनाच्या मयताला कोणी येणार नाही. मला फार भीती वाटते रे. शहाण्या, उत्तर नको, पोथीच पाठव.

ताईवर माया ठेव.

अदिस अबाबा, ११ तिर

ती. ताईस सा. न. वि. वि.

शिवण कधीच झाली. पण साहेबांनी पोथी दुर्मिळ विभागाच्या काचेच्या कपाटात ठेवली आहे. गावचं छप्पर गळतं, उंदीर आहेत, ओठ लावून लावून पानं झिजली, परत पाठवली तर वर्षभरही टिकणार नाही, असं म्हणतात. रागावू नकोस, पण मलाही ते पटतं. बाबांना सांग, फोटो पाठवतो, यंदा त्यालाच ओठ लावा.

तुझा लाडका (अजून असेन तर),
वोर्कनेह

गोजाम, १५ तिर

चि. वोर्कनेह यास अ. आ.

फोटोला ओठ लावायला सांगतोस, लाज कशी वाटली नाही? तुझं पत्र वाचून दाखवलं आणि सकाळी बाबा घरात नाहीत! अंगावर पांढरी शाल तेवढी. बसमध्ये चढताना शेजारणीने पाहिलं. त्यांना तुझा पत्ताही नीट ठाऊक नाही. भेटले की लगेच कळव, माझा जीव थाऱ्यावर नाही.

ताई

अदिस अबाबा, १८ तिर

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबा सुखरूप आहेत. ग्रंथालयात शिरले आणि सगळ्यांदेखत शालीचं टोक माझ्या कोटाला गाठ मारून बांधलं. पणजोबांच्या काळी वाद मिटेपर्यंत भांडणाऱ्या दोघांना असंच बांधत ना, तसं. साहेबांना म्हणाले, पोथी तुमच्याकडे, हा माझ्याकडे. निकाल होईपर्यंत आम्ही इथेच बसतो. मी शरमेने मेलो. साहेबही आपल्याच मुलखातले, गाठ पाहून त्यांचं हसू मावळलं. पोथी देतो, म्हणाले, पण ती भिजणार नाही याला जामीन कोण?

बाबा लगेच पुढे झाले. मी शाल धरून त्यांना मागे ओढलं आणि जामीन मी राहिलो.

उद्याच्या बसने तिघं निघतो, बाबा, पोथी आणि मी. नोकरीचं पुढे काय, माहीत नाही. पावसाआधी छप्पर शाकारायला हवं, आणि मला तर गवताची पेंढीही बांधता येत नाही. बाबा उंबऱ्याबाहेर का उभे राहत, ते आज कळलं. ताई, मला भीती वाटते. सांभाळून घे.

वोर्कनेह