स्वतःलाच कुंकू लावल्याची हकीकत

मयूर विहार, दिल्ली
दसऱ्यानंतरचा शनिवार

चि. राजाभाऊस ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहायला सांगितलं. खरं काय ते पुढे कळेलच. तुझा गुडघा, तुझा मोतीबिंदू आणि तुझा स्वभाव, तिन्ही आता कसे आहेत ते कळव. पहिल्या दोघांना उतार पडला असेल. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि तेवढं अर्धं तू वाईच्या घाटावर जाऊन सांगतोस. शिवाय फोनवर अवघड जागा आली की मी बाजूने निघून जाते. पत्रात तसं करता येत नाही, लिहिणारा पेन धरून वाट बघत बसतो. लिहिणारा आमचा थोरला, विनय आहे. मी बोलीन ते तसंच उतरवायचं, मधे सुधारायचं नाही, असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं आहे. (ऑफिसात दिवसभर तो दुसऱ्यांची पत्रं सुधारतो, त्यामुळे त्याला जड जाणार आहे.)

राजा, दहाबारा दिवस मला लाज वाटते आहे. या वयात नवीन काही वाटायचं राहिलं असेल असं वाटलं नव्हतं.

मयुरा, म्हणजे विनयची मुलगी, नोएडाच्या कॉलेजात चित्रं काढायला शिकते. (आपल्या लहानपणी पोरं भिंतीवर काढायची आणि मार खायची, इथे त्याची डिग्री मिळते.) तिने कॉलेजसाठी चित्रांच्या गोष्टीचं एक पुस्तक केलं. त्यात दोन भाऊ आहेत, दोघांच्या अंगात अचाट शक्ती. थोरला एका हाताने मेट्रोचा पूल उचलून धरतो. धाकटा उडतो आणि दिल्लीचा धूर फुंकून लांब पळवून लावतो. कपडे शिंप्याने कापड वाचवल्यासारखे अंगाला चिकटलेले, आणि आंघोळीला निघाल्यासारखा पाठीला टॉवेल. नावं इंग्रजी आहेत, माझ्या तोंडात बसत नाहीत. मी त्यांना थोरला आणि धाकटा म्हणते. दोघांच्या वर ढगात झोपाळा टांगलेला आणि त्यावर एक म्हातारी बसलेली. नऊवारी, गोल चष्मा, एक बोट वर केलेलं. प्रत्येक पानावर ती आहेच. शेवटाकडे दहा हातांचा एक राक्षस येतो, अर्धं शहर मोडतो आणि मग चक्क या म्हातारीच्या पायावर डोकं ठेवतो.

हे सगळं मी मयुरा कॉलेजात गेलेली असताना तिच्या टेबलाच्या खणातून काढून पाहिलं. (चोरीच ती. पण पुढे याहून मोठी लाज येणार आहे, तेव्हा इथे थांबू नकोस.) चित्रांवर फुगे काढून त्यात अक्षरं लिहिली होती. ती माझ्या उपयोगाची नाहीत हे तुला ठाऊक आहे. तुला शाळेत पोचवायला मी रोज यायचे आणि दारातून परत जायचे. त्यामुळे मी आपली चित्रं वाचली. बोट वर करून आशीर्वाद देते आणि राक्षस जिच्या पाया पडतो, ती कोण हे कळायला अक्षरं कशाला लागतात? देवी. दोन्ही लेकरांवर वरून लक्ष ठेवणारी. तोंडावळा माझ्यासारखा दिसला तेव्हा तर मला भरून आलं. पोरीने आजीला देवी केलं. फक्त कपाळ मोकळं होतं. म्हटलं, दिल्लीत वाढलेली पोर, देवीला कुंकू असतं हे तिला कोण सांगणार.

दर मंगळवारी आमच्या सोसायटीच्या खालच्या हॉलमध्ये बायकांचं भजन असतं. पंजाबी, बंगाली, सगळ्या असतात. मराठी म्हणशील तर मी आणि अहिल्याबाई, शाळेत मुख्याध्यापिका होत्या त्या. पुस्तक मी पदराखालून नेलं, देवांच्या शेजारी उभं केलं आणि सगळ्यांना हिंदीत सांगितलं की माझ्या नातीने बनवलंय आणि वर झोपाळ्यावर बसली आहे ती अगदी माझ्या चेहऱ्याची देवी आहे. मग डबीतलं हळदकुंकू घेऊन म्हातारीच्या कपाळाला लावलं, दोन फुलं वाहिली. हे गेल्यापासून मी स्वतः कुंकू लावत नाही, पण देवीला लावायला कोणाची हरकत? नंतर पुस्तक हातोहात फिरलं. भाटियाबाई पहिलं पान वाचून हसल्या, दुसऱ्या पानाला त्यांनी दुपट्टा तोंडात कोंबला. त्यांच्या पलीकडच्या हसल्या, त्यांच्याही पलीकडच्या हसल्या. मला वाटलं, कौतुक चाललंय. मीही हसले. सगळ्यांत मोठ्याने मीच हसत होते, राजा.

अहिल्याबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला चपलांच्या रॅकपाशी नेलं आणि फुग्यांतलं हिंदी हळू आवाजात वाचून दाखवलं. थोरला पूल पेलून घामाघूम झालाय आणि वरून म्हातारी बोट दाखवून म्हणते, दूसरा वाला इससे सीधा पकड़ता है. धाकटा धूर फुंकून फुंकून आडवा पडलाय आणि म्हातारी म्हणते, बड़े ने तो कल इससे दुगना फूँका था. पानोपान हेच. दोघांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं, दोघं पडत्या शहराकडे पाठ करून एकमेकांना ढकलताहेत. आणि राक्षस तिच्या पायावर डोकं ठेवतो तेव्हा म्हणतो:

“माताजी, मैं तो सिर्फ़ शहर तोड़ता हूँ. घर तोड़ना आप सिखा दीजिए.”

शेवटच्या पानावर दोघं भाऊ रस्त्यात पाठीला पाठ लावून झोपलेत आणि ढगातून विचारणा होते आहे, चहा कोण आणणार? पुस्तक मी पुन्हा पदराखाली घेतलं. कुंकू पुसायला गेले तर ते पसरून नाकापर्यंत आलं. घरी जाऊन होतं तसं खणात ठेवलं, आणि त्या संध्याकाळी चहा मागितला नाही.

पोरीने खोटं काढलं असतं तर मी तिचा कान धरला असता. पण तुला आठवतं, आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो? तिथे धाकटा यशोधन दूध पीत नसे. मी म्हणायचे, दादाने बघ एका घोटात संपवलं. तो गटकन प्यायचा. विनयला म्हणायचे, यशचे पाढे कधीच पाठ झाले. तोही बसायचा. (पाढे बरोबर आहेत की नाहीत हे मला काय कळणार, पण मान हलवायचे.) हे दिवसभर ऑफिसात, मला हात दोनच, ही युक्ती म्हणजे तिसरा हात होता. पुढे पोरांचं दूध सुटलं, माझी युक्ती सुटली नाही. यशोधन गुरुग्रामच्या कंपनीत मोठा साहेब झाला, विनयच्या डोक्यावरचे केस गेले, तरी मी एकाला दुसऱ्याचं सांगतेच आहे.

आता विनय, इथून सावकाश लिही.

श्रावणाच्या अखेरीस मला ताप आला होता. यशोधनचा फोन आला तेव्हा मी सांगितलं, तू काळजी करू नकोस, विनयने चार दिवस रजा टाकली आहे, माझ्या उशाशी बसून आहे. राजा, विनयने रजा टाकली नव्हती. त्याला मिळत नव्हती. उशाशी बसली होती सुखदा, माझी सून, मांडीवर लॅपटॉप घेऊन. (सुनेचं नाव मी या शर्यतीत कधी घेतलंच नाही. सुखदा, तू स्वयंपाकघरातून ऐकते आहेस हे मला माहीत आहे, भांडी घासून झाली आहेत.) आणि त्याच संध्याकाळी मी विनयला म्हटलं की यश इतक्या लांबून रोज येणार म्हणतोय. तो तसं काही म्हणाला नव्हता. (विनय, माझ्याकडे बघू नकोस, कागदाकडे बघ. हेही लिही.)

झालं काय, विनय पहाटे उठून स्वतः काढा करायला लागला आणि दोन पातेली जाळून ऑफिसला जायला लागला. आणि यशोधन, विनयने रजा टाकली हे ऐकून, रोज ऑफिस सुटल्यावर गुरुग्रामहून गाडी घेऊन यायला लागला. दोन तास येण्याचे, दोन जाण्याचे, हातात पपई. असं नऊ दिवस. माझा ताप चौथ्या दिवशी उतरला होता, पण दोघांचं चाललं होतं ते बघायला बरं वाटत होतं म्हणून मी कण्हत राहिले. नवव्या संध्याकाळी पोराला ट्रॅफिकमध्ये डुलकी लागली आणि गाडी पुढच्या टेम्पोवर गेली. टेम्पोत पानिपतच्या रजया भरलेल्या होत्या म्हणून निभावलं. मनगट तेवढं मोडलं. पानिपताने एका मराठी माणसाला वाचवलं, असा विनोदही मी तेव्हा केला. कोणी हसलं नाही.

मग हाताला प्लॅस्टर घालून तो इथे आला आणि दोघांची जुंपली. विनय म्हणाला, रोज यायला तुला सांगितलं होतं कोणी, एवढं दाखवायची गरज काय? यशोधन म्हणाला, तुझ्यासारख्या रजा टाकून बसता येत नाही आम्हाला. विनयला वाटलं, रजा मिळत नाही म्हणून टोमणा मारतोय. यशोधनला वाटलं, हा उपकार दाखवतोय. मी दोघांच्या मधे बसले होते. एक वाक्य बोलायचं होतं. मी बिस्किट चहात बुडवलं आणि ते मोडून खाली बसेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिले. दीड महिना झाला, भाऊ भावाशी बोलत नाही. दसऱ्याचं सोनं द्यायला यशोधन आला तो विनय घरात नाही असं बघून आला.

भजनाच्या मंगळवारनंतर चार दिवसांनी मयुराने पुस्तक काढलं आणि म्हातारीचं लाल नाक पाहिलं. माझ्याजवळ येऊन बसली. मी म्हटलं, चित्र छान आलंय, बोट अगदी माझंच आहे. तर पोर रडायला लागली.

“आजी, बाबा आणि काका बोलतच नाहीत यार. मला दुसरं काही सुचतच नव्हतं काढायला.”

म्हणून हे पत्र, आणि म्हणून ते विनयच्या हातून. तोंडासमोर बसवून सांगितलं असतं तर मी मधेच खोकले असते, पाणी मागितलं असतं, आणि तो म्हणाला असता जाऊ दे आई. असं कागदावर उतरवताना तरी त्याला जाऊ दे म्हणता येणार नाही. विनय, तो टोमणा नव्हता रे. तुझ्या भावाला मीच खोटं सांगितलं होतं.

इथून पुढे अक्षर बदललं आहे, मयुराचं आहे. विनय पेन ठेवून बाल्कनीत गेला, फोन घेऊन. मी आणि मयुरा दाराआडून ऐकलं. (खोटं बोलणं सोडते आहे, ऐकणं सोडीन असं म्हटलेलं नाही.) बराच वेळ तो नुसता हूं हूं करत होता. मग म्हणाला, अरे कसली रजा, मी तर ऑफिसात होतो. मग पलीकडून काहीतरी आलं आणि विनय हसला. दोघंही हसले, प्लॅस्टर निघालेला आणि टक्कल पडलेला, लक्ष्मीबाई नगरच्या पलंगावर हसायचे तसे. माझ्यावर हसत होते. आत येऊन माझ्याकडे न बघता विनयने एवढंच सांगितलं की यश उद्या येतोय, आणि पुढच्या वेळी ताप आला तर आधी थर्मामीटर त्या दोघांना दाखवायचा. मला ओरडला असता तर बरं झालं असतं. ओरडला नाही, आंघोळीला गेला.

घरातल्या लहानमोठ्यांस आशीर्वाद. गुडघ्याला शेक देत जा. सही म्हणून खाली अंगठा उठवते आहे, मयुराच्या रंगाचा आहे, निळा.

तुझी ताई

ता. क. एक काम होतं. दिवाळीत भाऊबीजेला तू मला न्यायला ये, मुऱ्हाळी होऊन, पूर्वी यायचास तसा. दोन महिने माहेरी राहीन. मात्र मुलांना असं सांग की तुला एकट्याला करमत नाही, तूच हट्ट धरलास. नाहीतर प्रत्येकाला वाटेल की दुसऱ्यामुळे गेली.

आणखी एक ता. क. मयुराने वरचं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघत बसली. तेव्हा ते रद्द समज. मुलांना खरं तेच सांग. म्हणावं, तुमच्या आईने तुम्हाला दमवलंय, तिला लाज वाटते आहे आणि तुम्ही थोडे दिवस झोपा काढाव्या असं तिला वाटतं. राजा, मला घेऊन जा.

शेवटचं. मी तिथे आले की दोघांतला कोण मला जास्त जपतो, हे मला विचारू नकोस. विचारलंस तर मी सांगीन.