बिनखुणेचे शर्ट

आप्पा, आपल्या गल्लीच्या दादाच्या शर्टांवर तुम्ही खूण का करत नव्हतात? इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कधी पडला नाही. गेल्या महिन्यात पडला, तोही जपानात, एक इंग्रजी पुस्तक वाचताना. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही व्हायचं होतं, त्यामुळे हे सगळं तुम्हाला नवीनच. लग्नानंतर ह्यांच्या कंपनीने ह्यांना कामासाठी तोक्योला पाठवलं. थोड्या दिवसांसाठी म्हणून आलो आणि राहिलो. ओजिमा म्हणून भाग आहे, सरकारी वसाहतीच्या उंच इमारती, त्यांत आपल्याकडची पुष्कळ कुटुंबं. मुलगी इथेच मोठी झाली. हे इथेच गेले. परत जायचं की राहायचं हे ठरेना, आणि घरात बसून तर मुळीच ठरेना, म्हणून मी स्टेशनजवळच्या क्लिनिंगच्या दुकानात काउंटरवर तासांवरचं काम धरलं. इथे त्याला बाइतो म्हणतात. लाँड्रीवाल्याची मुलगी समुद्र ओलांडून गेली आणि लाँड्रीतच उभी राहिली, तुम्ही हसला असतात. पण त्या दुकानात मला तुमची आठवण येत नाही, खरं सांगते. तिथे मशिनमधून कागदाची बारीक पट्टी निघते, ती शर्टाच्या लेबलला टाचायची, घरी नेल्यावर गिऱ्हाईक काढून टाकतं. खुणा करायच्या बिब्ब्याच्या शाईचा तो उग्र वास नाही, बोटं काळी होत नाहीत.

पुस्तकाचं सांगते. आमच्या भागातल्या समाजमंदिरासारख्या एका हॉलमध्ये दर गुरुवारी सात-आठ म्हातारी माणसं इंग्रजी वाचायला जमतात. मी त्यांना वाचून दाखवते आणि येईल तसा अर्थ सांगते. ती मला सेन्सेइ म्हणतात, म्हणजे बाई, शिकवणाऱ्या बाई. मी शाळा किती शिकले ते तुम्हाला ठाऊक आहे. कपडे बांधायला तुम्ही इंग्रजी पेपरांची रद्दी आणायचात आणि मी गठ्ठ्याशेजारी बसून ती वाचायची, तेवढंच माझं इंग्रजी, पुढचं मीच वाढवलं. तर या मंडळात एक निवृत्त रेल्वेवाले काका आहेत. त्यांना इंग्लंडच्या गुन्हेगारीचा भारी शौक. त्यांनी आग्रहाने एक पुस्तक निवडलं, ब्रिटनच्या शहरांतल्या जुन्या टोळ्यांचा इतिहास. बर्मिंगहॅम, शेफील्ड, ग्लासगो, लंडनचा पूर्वेकडचा भाग. घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणाऱ्या माणसांकडे तिथले गुंड यायचे आणि त्यांना बादलीभर पाणी, स्पंज आणि खडू विकायचे. फळ्यावरचे भाव पुसायला. नको म्हणायची सोय नव्हती. मी ते वाचून दाखवत होते आणि मला आपल्या गल्लीतले गणपतीच्या वर्गणीचे दिवस दिसत होते. टोळ्या शर्यतींना रेल्वेने जायच्या असं आलं तेव्हा काकांनी मला थांबवलं. "तिकीट काढून?" त्यांनी विचारलं. पुस्तकात ते लिहिलेलं नाही म्हटल्यावर ते नाराज झाले. "मग लेखकाने मुख्य गोष्टच सोडली."

सगळे हसत असताना मी पान उलटलं. पुढच्या पानावर होतं की पोलिसांना एक रक्ताचा शर्ट सापडला आणि कॉलरच्या आतल्या लाँड्रीच्या खुणेवरून त्यांनी माणूस शोधून काढला. मी वाक्याच्या मध्येच थांबले. कठीण शब्द आला असं त्यांना वाटलं असावं, कारण एका आजींनी आपला शब्दकोश माझ्यापुढे सरकवला.

मला आपलं दुकान दिसतं. तुम्ही दाराशी टेबलामागे उभे, कोळशाच्या इस्त्रीत फुंकर घालता आहात. प्रत्येक कपड्यावर आपल्या दुकानाचा त्रिकोण आणि शेजारी गिऱ्हाइकाचा आकडा. डॉक्टरांचा, शाळेच्या हेडमास्तरांचा, मारवाड्याचा, कोणाचाच चुकला नाही. फक्त दादाच्या पांढऱ्या शर्टांवर काही नाही. ते वेगळ्या कपाटात, वरच्या फळीवर. मला वाटायचं हा मान आहे. राजाच्या कपड्यावर कोण आकडा घालतं? सगळी गल्ली त्याला हप्ता द्यायची आणि आपल्याकडून तो काही घेत नसे. नळावर बायका आईला म्हणायच्या, "तुमचं बरंय बाई, तुमच्या नवऱ्याच्या हाताखालून दादाची इस्त्री जाते." आई कळशी उचलून निघून यायची. मी तिलाही कधी विचारलं नाही.

एकदा तुम्ही जेवायला गेला होतात आणि मी हौसेने खुणा करत बसले होते. मी दहा-अकरा वर्षांची. दादाचा शर्ट रिकामा दिसला, तुमची राहून गेली असेल म्हणून मी त्याच्या कॉलरवर सुबक त्रिकोण काढला. तुम्ही आलात आणि बघितलंत. तुम्ही कधी ओरडत नसा, त्या दिवशीही ओरडला नाहीत, माझ्या हातातली काडी काढून घेतलीत आणि म्हणालात, "आपली खूण त्याच्या कपड्यावर नको." बिब्बा धुवून जात नाही. म्हणून तुम्ही खाली बसून कॉलरची शिवण उसवलीत, कॉलर उलटी केलीत आणि पुन्हा शिवलीत, बारीक टाके, जुन्याच भोकांतून. त्रिकोण दोन पदरांच्या आत गेला. दादाने तो शर्ट कितीदा तरी घातला असेल. मला गंमत वाटायची की याच्या मानेशी माझा त्रिकोण आहे आणि याला पत्ता नाही.

तेच वाक्य मी आता रोज उलटसुलट करून पाहते, आप्पा. त्याच्या कपड्यावर नको, म्हणजे तो सापडू नये म्हणून? की आपण सापडू नये म्हणून? की तुमची खूण तुमच्या चांगल्या गिऱ्हाइकांसाठी होती आणि त्याला ती द्यायची नव्हती? मी प्रत्येक अर्थ धरून तुमचा चेहरा आठवायला जाते आणि तो प्रत्येकाशी जुळतो.

मग तो इन्स्पेक्टर. हे तर मी विसरलेच होते, पुस्तकातल्या त्या पानाने वर काढलं. तो दुकानात आला, कागदात गुंडाळलेला पांढरा शर्ट त्याने टेबलावर उलगडला. छातीवर तपकिरी डाग, वाळून कडक झालेला. "ही कोणाची धुलाई?" तुम्ही शर्ट हातात घेतलात, कॉलर मागे वळवून नीट पाहिलीत, आतून, बाहेरून. "खूण नाही साहेब. कसं सांगू?" मी बाकड्यावर बसले होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "साहेबांना पाणी आण." मी पाणी आणलं. साहेब पाणी पिऊन, शर्ट गुंडाळून गेले. तो तुम्ही कॉलर उलटवलेलाच शर्ट होता की दुसरा, मला माहीत नाही. तुमच्या हाताला टाके कळले असतील. कळले होते का?

त्यानंतर थोड्याच दिवसांत दादाला दुसऱ्या टोळीने मारलं आणि त्याची अंत्ययात्रा आपल्या गल्लीतून गेली. दुकानं बंद करा असं कोणी सांगत फिरलं नाही, तशी गरजच नव्हती. कडी लावल्याचे आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत येत गेले. बायका गॅलऱ्यांतून रडत होत्या. ज्यांचा मुलगा त्याच्यामुळे तुरुंगात गेला होता त्यासुद्धा. आणि आपलं शटर अर्धं. पूर्ण खाली नाही, वर नाही. तुम्ही आत. मी समोरच्या जिन्यावरून पाहत होते आणि मला एवढंच कळत होतं की सगळ्या गल्लीत आपलंच दुकान वेगळं दिसतंय.

ह्यांना मी ते एकदाच सांगितलं होतं. इथल्या बाजाराच्या गल्लीत एक तोफूचं दुकान आहे. ह्यांना कामावरून यायला उशीर झाला की मी स्टेशनवर जायचे, आणि परतताना त्याचं शटर निम्मं आलेलं असायचं. आत दिवा असेल तर हाक मारायची, बाई तोफू देतात. दिवा नसेल तर समजायचं. हे उंच, कमरेत वाकून आत डोकं घालायचे. एकदा ते तसे वाकलेले असताना मला आपलं दुकान आठवलं आणि मी तुमचं सगळं सांगितलं. तोफूची पिशवी हातात घेऊन ते विचार करत चालले आणि घराजवळ आल्यावर म्हणाले, "अगं, ऊन तोंडावर येत असेल त्यांच्या." मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, तसंही असेल. आपलं दुकान पश्चिमेला तोंड करून होतं.

पुस्तकाच्या शेवटाकडे एक फोटो आहे. लंडनच्या एका गुंडाची अंत्ययात्रा, काळे घोडे, फुटपाथवर माणसांची दाटी, टोप्या हातात. काकांनी विचारलं, "ही माणसं दुःखी आहेत की घाबरलेली?"  तेव्हा मंडळातल्या, मूळच्या कोबे शहरातल्या आजी बोलल्या. त्या एरवी बोलत नाहीत. तिथल्या भूकंपात घर गेल्यावर त्या मुलाकडे तोक्योला आल्या. त्यांनी सांगितलं की भूकंपानंतर त्यांच्या गल्लीत सगळ्यांत आधी पाणी वाटायला आली ती तिथल्या टोळीची माणसं, बाह्यांखाली गोंदण असलेली. सरकारी गाडी नंतर आली. "मी बाटली घेतली. वाकून आभार मानले. पाणी प्यायले," त्या म्हणाल्या. "पण रिकामी बाटली कित्येक दिवस घरात राहिली. कुठल्या कचऱ्यात टाकायची ते ठरेना." इथे कचरा वेगवेगळा करून वेगवेगळ्या दिवशी टाकतात, त्यामुळे सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. मग काका माझ्याकडे वळले. पुढच्या गुरुवारी पुस्तक संपेल, सेन्सेइंनी त्यांच्या शहराचं काही सांगावं.

काउंटरपुरतं जपानी मला येतं, तुमच्याबद्दल सांगण्याइतकं येत नाही. म्हणून मुलीला बोलावलं. आधी स्वयंपाकघरात तिला सगळं सांगितलं, ती ओट्याला टेकून ऐकत होती. तुमचा फोटो ह्यांच्या फोटोशेजारी आहे, ती कामाला जाताना दोन्हींना हात जोडते. तुम्हाला पाहिलेलं कोणी आता उरलेलं नाही, मी सोडून.

"आई, वेट," ती म्हणाली. "म्हणजे आजोबा याकुझा होते?" याकुझा म्हणजे इथले टोळीवाले.

"लाँड्रीवाले होते."

"पण त्यांच्या साइडला होते ना? पोलिसांना सांगितलं नाही."

"मला माहीत नाही गं."

"तुला माहीत नाही तर मी ट्रान्सलेट काय करू?"

बरोबर होतं तिचं.  मी जे सांगेन तेच आता तिचे आजोबा. मी त्यांना गुंडाचे कपडे धुणारा घाबरट म्हटलं तर तसे, शूर म्हटलं तर तसे, आणि उद्या तिच्या मुलांनाही तेच. पुस्तकातल्या फोटोत मी भिंग घेऊन पाहिलं, आप्पा. त्या लंडनच्या गर्दीमागे एखादं दार अर्धं उघडं दिसतंय का म्हणून. शाईचे ठिपके दिसले.

गुरुवारी मी सांगितलं. जसं घडलं तसं, कारणं न देता. त्रिकोण, उलटवलेली कॉलर, साहेबांचं पाणी, शटर. मी मराठीत थोडं थोडं बोलत होते आणि मुलगी जपानीत सांगत होती. शटर किती खाली होतं ते मी हाताने दाखवलं, कमरेपाशी. तिने सांगताना स्वतःचा हात धरला तो छातीपाशी. मी तिला टोकणार होते, पण मलाच कळेना की माझ्या लहानपणच्या कमरेपाशी की आताच्या.

 काकांनी चष्मा पुसला. मग कोबेच्या आजींनी दोन्ही हात मांडीवर ठेवून विचारलं, "शटर अर्धं होतं, ते कळलं. आत दिवा होता का?"

मला प्रश्न समजला होता, तरी मुलीने मराठीत विचारला. "आई, आत लाइट होता का?" ती माझ्याकडे पाहत होती. हे तोफूच्या दुकानाबाहेरून वाकून आत बघायचे ना, अगदी तशी.

"होता," मी म्हणाले.

तिने ते जपानीत सांगितलं तेव्हा तिचा आवाज बदलला. आजींनी मान हलवली आणि काका म्हणाले, "म्हणजे काम चालू होतं." घरी येताना मुलगी माझा हात धरून चालली. कोळशाची इस्त्री किती जड असते, बिब्बा म्हणजे काय, तुमचा आवाज कसा होता, असं ती स्टेशनपासून घरापर्यंत विचारत राहिली.

हे कागद मी टेबलावरच ठेवणार आहे. तिला मराठी वाचता येत नाही, त्यामुळे लपवायची गरज नाही. तुम्हाला तेवढं सांगून ठेवते. दिवा होता असं मी म्हणाले खरं, पण मला आठवत नाही. त्या दिवशी लावलेला होता की नाही, एवढंच नव्हे, आप्पा. आपल्या दुकानात मुळात दिवा होता का, तेच मला आठवत नाही.